मे एंडचं अंदमान पॅकेज, आणि आमच्या पैशांचं काय झालं

मे महिन्याच्या शेवटी अंदमान म्हणजे एकदम बेस्ट सीझन, असं तुम्हाला कोणी एजंट सांगत असेल तर पैसे भरायच्या आधी हे वाचा. मोठं आहे पण वाचा, कारण विमान धरून आमचे दोन लाखांच्या वर गेले, आणि त्यातले पावसाने किती खाल्ले आणि एजंटने किती हे घरी येऊन हिशोब लावल्यावरच कळलं.

पोरांना सुट्टी मेमध्येच असते आणि सासऱ्यांना एकदा तरी सेल्युलर जेलमधली सावरकरांची कोठडी बघायची होती, म्हणून अंदमान. एजंट ओळखीतून आलेला, नवऱ्याच्या ऑफिसमधल्या कोणाचीतरी ट्रिप त्याने केली होती (जानेवारीत, हे नंतर कळलं). आम्ही पहिलाच प्रश्न विचारला होता की तिकडे पाऊस कधी सुरू होतो. उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर आहे माझ्याकडे, "ताई पाऊस जूनच्या मिडनंतर, आपल्यासारखाच. मे म्हणजे समर, सी एकदम शांत, पाणी क्लिअर." खाली राधानगर बीचचे निळेशार फोटो आणि एक तक्ता, कुठल्या महिन्यात किती डिग्री तापमान. सगळीकडे २५ ते ३१ च्या मधले आकडे, म्हणजे बघणाऱ्याला वाटणार वाह, कधीही जा.

तो तक्ता खोटा नव्हता, आणि हीच खरी चलाखी आहे. अशा बेटांवर तापमान वर्षभर जवळपास तेच असतं, फेब्रुवारीतही तेच आणि ऑगस्टमध्येही तेच, त्यामुळे तापमान बघून सीझन कळतच नाही. बदलतं काय तर पाऊस, वारा आणि लाटा. मी नंतर तसाच तक्ता शोधून बघितला तर त्यात शेजारीच पावसाची रांग होती, आमच्या फोटोत ती बरोब्बर कापलेली. पोर्ट ब्लेअरला (आता नाव श्री विजयपुरम झालंय) वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, मुंबईपेक्षा जास्त, आणि तो मेमध्ये जो सुरू होतो तो नोव्हेंबर डिसेंबरपर्यंत थोडाथोडा चालूच, कारण तिकडे नैऋत्य मान्सून गेला की परतीचाही पाऊस असतो.

आणि ही माहिती काही गुप्त नाहीये हो. दरवर्षी मेमध्ये टीव्हीवर बातमी येते ना, मान्सून अंदमानात दाखल, आणि आपण सगळे लगेच मोजायला लागतो की आता केरळात कधी, कोकणात कधी, आपल्याकडे कधी. अंदमानात दाखल म्हणजे अंदमानात फिरायला गेलेल्या माणसाच्या डोक्यावर दाखल, हे कोणाच्या डोक्यात येत नाही. नेहमीची वेळ २० मेच्या आसपासची, २०२४ ला १९ मेला निकोबारच्या भागात आला होता आणि २०२५ ला तर १३ मेलाच. एजंट लोक वर्षभर हीच बेटं विकतात, त्यांना हे पाठ असतं. आम्ही निघायच्या आधी ही बातमी लागली तेव्हा मी त्याला फोन केला तर म्हणतो, "ताई तो निकोबारला आलाय, निकोबार पोर्ट ब्लेअरपासून किती लांब आहे बघा मॅपवर." लांब आहेच, पण मान्सून काही तिथे मुक्कामाला थांबत नाही, थोड्याच दिवसांत वर सरकतो. पण कॅन्सल करून रिफंड मिळण्याची शेवटची तारीख तोपर्यंत उलटून गेली होती आणि ते त्यालाही माहीत होतं.

पाऊस लागला याचं मला एवढं दुःख नाहीये, पाऊस काय त्याच्या हातात नाही. जेल बघून झालं, सासरे कोठडीसमोर बराच वेळ उभे होते, त्यांचं समाधान झालं, संध्याकाळचा लाइट अँड साउंड शो पावसाने रद्द. ठीक आहे. खरा खेळ पुढे सुरू झाला.

हॅवलॉकला (कागदावर स्वराज द्वीप, पण तिकडे सगळे हॅवलॉकच म्हणतात) जायचं तर समुद्रातूनच, प्रायव्हेट फेरी नाहीतर सरकारी बोट. आमच्या पॅकेजमध्ये प्रायव्हेट फेरीचा वरचा क्लास होता, त्याचे पैसे वेगळे लावलेले. सकाळी जेट्टीवर गेलो तर हवामानामुळे सगळ्या फेऱ्या रद्द, बंदरावर तीन नंबरचा बावटा, आपल्याकडे कोकणात वादळाच्या वेळी लावतात तोच. एजंटला फोन, तर "ताई फेरीवाले पैसे देत नाहीत, वेदर कंडिशन आहे, पण मी माझ्या कॉन्टॅक्टने उद्या सरकारी बोटीत बसवतो, फक्त तिकिटाचे वेगळे द्यावे लागतील." दिले आम्ही, तिथे अडकल्यावर माणूस देतोच. गंमत म्हणजे सरकारी बोटीचं तिकीट प्रायव्हेटपेक्षा कितीतरी स्वस्त असतं, आणि आमच्याकडून घेतले प्रायव्हेटच्या भावाने.

परत येताना नवरा सहज फेरीच्या काउंटरवर उभ्या मुलाशी बोलत होता तर तो म्हणाला की फेरी कंपनीने स्वतः फेरी रद्द केली तर पूर्ण पैसे परत जातात, पण ज्याने बुकिंग केलं त्याच्याच खात्यात. म्हणजे आमचे पैसे फेरीवाल्याने त्याच दिवशी एजंटला परत केले, एजंटने ते ठेवले, वर सरकारी तिकिटावरही कमावले. वादळ येवो नाहीतर ऊन पडो, त्याचं नुकसान कशातच नाही, उलट समुद्र खवळला की जास्त फायदा. तेव्हा मला कळलं की मे एंडचे पॅकेज एवढे जोर लावून का विकत होता.

स्कूबाचंही तेच. पैसे आगाऊ घेतलेले, समुद्र गढूळ आणि लाटा म्हणून डायव्हिंगवाल्यांनी स्वतःच नाही सांगितलं (बरोबर केलं त्यांनी, पोरं होती बरोबर), एलिफंट बीचच्या बोटीपण बंद. एजंट म्हणाला व्हेंडर रिफंड देत नाही. मी त्या डाइव्ह शॉपमध्येच जाऊन विचारलं, तर त्यांच्या वहीत आमचं नाव होतं पण समोर एक रुपया जमा नाही, या एजंटचे पैसे ते डाइव्ह झाल्यावरच घेतात म्हणे. आणि हॉटेलच्या मॅनेजरने बोलता बोलता सांगितलं की आता रेट खाली आलेत, आमच्या पॅकेजमध्ये मात्र रूम पीक सीझनच्या भावाने लावलेली.

आता सीझनचं, कारण खूप जण विचारतायत. अंदमानला जायचं तर जानेवारी ते एप्रिलचा मध्य. त्यातही फेब्रुवारी मार्चला समुद्र सगळ्यात शांत आणि पाणी स्वच्छ, एप्रिलला घामाच्या धारा लागतात पण बोटी चालतात. डिसेंबर चांगला समजतात, गर्दीही तेव्हाच, पण बंगालच्या उपसागरातली वादळं ऑक्टोबर ते डिसेंबरमध्येही येतात. डिसेंबर २०१६ ला वरदा चक्रीवादळाच्या वेळी हॅवलॉक आणि नील बेटांवर हजाराच्या वर पर्यटक अडकले होते, नौदलाने जहाजं पाठवून काढलं त्यांना. त्यामुळे महिना कुठलाही असो, परतीच्या विमानाच्या आदली रात्र पोर्ट ब्लेअरलाच ठेवा, हॅवलॉकला नाही. आमच्या आयटिनररीत ती हॅवलॉकला होती, विमान थोडक्यात वाचलं.

आणि एका बेटाचा सीझन दुसऱ्याला लावू नका, एजंट हेच करतात, "आयलंड म्हणजे डिसेंबर जानेवारी" म्हणून सगळं एका भावात. माझ्या चुलत बहिणीला जानेवारीत बाली विकलं, पीक सीझन आहे म्हणून भाव वाढवून, आणि बालीचा पावसाळा नोव्हेंबर ते मार्च असतो, कारण ते विषुववृत्ताच्या खाली आहे, तिकडे कोरडे महिने एप्रिल ते ऑक्टोबर. थायलंडमध्ये तर एकाच देशात दोन तऱ्हा, फुकेतला पाऊस मे ते ऑक्टोबर आणि पलीकडच्या बाजूच्या सामुईला जास्त पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. मालदीवला कोरडं जानेवारी ते एप्रिल. लोक सुट्टी मिळाली की जातात, त्यामुळे तिथे गर्दी आहे म्हणजे हवा चांगली असेलच असं नाही.

बघायचंच असेल तर महिन्याचा पाऊस आणि लाटांची उंची बघा. आपल्या हवामान खात्याचा अंदाज असतोच, पण हैदराबादची इन्कॉइस म्हणून सरकारी संस्था आहे, ती समुद्राचा अंदाज देते, किती मीटर लाटा वगैरे, फुकट आहे. फेरी चालणार की नाही हे ऊन बघून नाही तर त्यावरून कळतं.

पैसे देताना फेरी आणि स्कूबा पॅकेजमध्ये घालूच देऊ नका, स्वतःच्या नंबरवर आणि स्वतःच्या कार्डने बुक करा, म्हणजे रिफंड तुमच्याकडेच येईल. एजंट हट्ट धरत असेल की नाही सगळं आमच्याकडूनच, तर का ते वर लिहिलंच आहे. "हवामानामुळे रद्द झालेल्या सेवांचे पैसे परत नाहीत" ही ओळ आमच्या पीडीएफच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात होती, त्याऐवजी "समोरच्याने परत केले तर ग्राहकाला मिळतील" असं लिहून घ्या. आणि पर्सनल यूपीआयवर पैसे मागितले तर थांबा, आमच्याकडून तसेच घेतले आणि जीएसटीचं बिल आजतागायत दिलेलं नाही.

आम्ही १९१५ नंबरवर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवली. फेरी कंपनीकडून ईमेलवर लिहून घेतलं की पैसे कधी आणि कोणाला परत केले, तो ईमेल एजंटला पाठवल्यावर एकदम "अकाउंट्सच्या मुलाकडून राहून गेलं" झालं आणि फेरीचे पैसे आले. स्कूबाचे आणि जादा घेतलेले अजून नाहीत, त्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहोत. पाच लाखांपर्यंत फी लागत नाही आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं, वकील नसला तरी चालतो.

परवा त्या माणसाचं स्टेटस बघितलं, १५ ऑगस्ट लाँग वीकेंड अंदमान, सी शांत, लिमिटेड सीट्स. कोणी असं बुकिंग केलं असेल तर आजच फेरीवाल्याला फोन करून विचारा की तिकीट कोणाच्या नंबरवर आहे आणि रिफंड कुठल्या खात्यात जातो.