मुलुंड की ठाणे? घराचा बयाणा देण्याआधी

मुलुंड सुटलं की पुढचं स्टेशन ठाणे, लोकलने पाचेक मिनिटं. मधे महापालिकेची हद्द मात्र बदलते आणि तिचा पहिला फटका नोंदणीच्या दिवशीच बसतो. मुंबई हद्दीत मुद्रांक शुल्क 6 टक्के, ठाणे शहरात 7. दीड कोटीच्या घरावर 9 लाख विरुद्ध साडेदहा लाख. घर फक्त बाईच्या नावावर असेल तर दोन्हीकडे एक टक्का सुटतो. शिवाय 1 जानेवारी 2022 पासून मुंबई महापालिकेने 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर माफ केला आहे. चौरस फुटाचा भाव ठाण्यात सहसा कमी असतो, पण तुलना हे सगळं मिळवल्यावरच करा.

खरा फरक फलाटावर कळतो. ठाण्याला फास्ट गाड्या थांबतात आणि सीएसएमटीकडच्या काही स्लो तिथूनच सुटतात, म्हणजे सकाळी बसायला जागा मिळण्याची शक्यता. तीच गाडी मुलुंडला येईपर्यंत बाकं भरलेली असतात आणि गर्दीच्या वेळी मुलुंडकरांची भिस्त मुख्यतः स्लोवरच. ऑफिस भायखळा किंवा फोर्टला असेल तर ठाणे उजवं. भांडुप, कांजूर, विक्रोळीला असेल तर फास्टचा उपयोगच नाही, मग मुलुंड बरं. नवी मुंबईला जाणाऱ्यांना ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची थेट गाडी आहे. ऐरोलीपुरतं जायचं आणि दुचाकी असेल, तर मुलुंड पूर्वेतून ऐरोली पूल जवळ पडतो. ऑक्टोबर 2024 पासून मुंबईच्या वेशीवरच्या नाक्यांवर कार आणि हलक्या वाहनांना टोलही नाही.

पण हा सगळा हिशेब ठाणे स्टेशनच्या आसपास, म्हणजे नौपाडा, पाचपाखाडी किंवा राम मारुती रोडजवळ घर असेल तर. जाहिरातीतलं ‘ठाणे’ बहुतेक वेळा घोडबंदर रोडवर असतं. मानपाडा किंवा कासारवडवलीला राहिलात, तर माजिवडा-कापूरबावडीची कोंडी ओलांडून स्टेशन गाठेपर्यंत फास्ट लोकलने वाचवलेला वेळ केव्हाच संपतो. अशा घराची तुलना मुलुंडशी करूच नये, दोन्हींचा प्रश्नच वेगळा. एखाद्या सोमवारी सकाळी साडेआठला सोसायटीच्या फाटकापासून फलाटापर्यंत घड्याळ लावून जा. परतीला संध्याकाळी सातनंतर स्टेशनबाहेरची रिक्षाची रांगही बघा. वडाळा-कासारवडवली मेट्रोची आखणी मुलुंडवरूनही आहे, पण दलालाने तिच्या नावावर भाव चढवला, तरी हिशेब आजच्या प्रवासाचाच धरा.

मुलुंड पश्चिमेला स्टेशनपासून पाच रस्त्यापर्यंत आखीव गल्ल्या आहेत. बाजार, दवाखाने, कालिदास नाट्यमंदिर, बरंचसं पायी आवाक्यात. नौपाड्यातही तेच सुख आहे, जोडीला तलावपाळी आणि गडकरी रंगायतन. दोन्हीकडचं दुखणंही एकच: जुन्या इमारतींत पार्किंग नाही. पुनर्विकासाची बोलणी चालू असलेल्या इमारतीत घर घेताना सोसायटीच्या सभेचे ठराव आणि थकबाकीचे कागद वाचल्याशिवाय सही करू नका. मुलुंड पूर्वेला हरिओम नगरच्या बाजूला घर बघत असाल तर लक्षात ठेवा, तिथल्या कचराभूमीत कचरा टाकणं 2018 मध्ये बंद झालं, तरी जुन्या कचऱ्याचे ढीग एका दिवसात हलत नाहीत. वारा त्या दिशेने असेल अशा संध्याकाळी एक फेरी माराच.

पाण्याचं म्हणाल तर मुलुंडला मुंबई महापालिकेचं. ठाण्याचं पाणी स्वतःची योजना, स्टेम ही पाणीपुरवठा कंपनी, एमआयडीसी आणि मुंबई महापालिका अशा चार ठिकाणांहून येतं, त्यामुळे एका विभागाचा अनुभव दुसऱ्याला लागू होत नाही. सेक्रेटरीकडे मार्च ते मेची टँकरची बिलं मागा. ती दाखवायला टाळाटाळ झाली तर दर महिन्याचा देखभाल खर्च सांगितलेल्यापेक्षा जास्त धरा. तळमजल्याचं घर असेल तर जुलैत, मोठी सर पडून गेल्यावर जा. ठाण्यात वंदना डेपोच्या आसपास तर नक्कीच. भिंतीवर पाणी किती चढलं त्याची रेघ तेव्हा ताजी असते, दिवाळीच्या रंगानंतर ती दिसत नाही.