गुलाबासाठी गुलाबी: विंटनचा पर्मनंट रोझ

दादरच्या फूलबाजारातले गुलाब, पितळी तांब्या, मागे नऊवारीचा हिरवा पदर. झेंडू कोणीही रंगवावा, गुलाबात मात्र कस लागतो. लालात पांढरा कालवला की पाकळ्या खडूच्या दिसतात. चित्रकला शिकवून निवृत्त झाले तरी मला हे सोडवत नाही. विन्सर अँड न्यूटन या रंगांच्या कंपनीच्या विंटन मालिकेतली पर्मनंट रोझ या गुलाबी तैलरंगाची 37 मिलीची ट्यूब त्यासाठीच घेते.

यातलं रंगद्रव्य क्विनाक्रिडोन, त्याचा सांकेतिक क्रमांक पीव्ही 19. अलिझरिन क्रिमसन हा जुना गडद लाल रंग दिसतो देखणा, पण उजेडात फिका पडतो, हा टिकतो. शिवाय पारदर्शक. पाकळीच्या खोलगट भागात पातळ हात फिरवला की खालचा पांढरा कॅनव्हास आतून उजळतो, आणि मला तर तेवढ्यासाठीच पैसे वसूल वाटतात. टिटॅनियम व्हाइट, म्हणजे पांढरा रंग, सुरीच्या टोकावर येईल इतकाच घ्या, नाहीतर गुलाबी थंड, जांभळट होतो. उन्हातल्या पाकळीला किंचित पिवळा.

वाळायला मात्र सावकाश. तैलरंग पाण्यासारखा उडून जात नाही, तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं. फुलं दुपारीच माना टाकतात, म्हणून ती एका बैठकीत, ओल्यावर ओलं. तांब्या उद्या केला तरी पळून जात नाही! खालच्या थरात रंग पातळ करायला टर्पेंटाइन, वरच्यांत जवसाचं तेल. उलट केलंत तर पुढे तडे.

नवशिक्यांनी आधी हीच एक ट्यूब घ्यावी, बारा रंगांचा डबा नंतर.