फॉकर डी-७ (१/६ माप, हलकं बाल्सा लाकूड): विमान पक्कं, चाकांची तार कच्ची

पहिल्या महायुद्धातल्या जर्मन लढाऊ विमानाचं हे रिमोटवर उडणारं मॉडेल घरी आलं असेल तर पहिल्या उड्डाणाआधी चाकांच्या स्टँडची तार तपासून घ्या. मोटर, सर्व्हो, रिसीव्हर सगळं नंतर. तारेवर कानस फिरवा. दात सहज रुतले अन् कीस पडायला लागला तर ती साधी लोखंडी तार आहे. स्प्रिंग स्टीलवर कानस नुसती घसरते. माझ्या विमानाला साधी तार आली होती. ₹२८,००० च्या वस्तूत शंभर-सव्वाशे रुपयांची तार वाचवणाऱ्यांवरचा माझा राग अजून गेलेला नाही.

विमान दिवाळीत घेतलं, आता मे संपत आलाय. आकडे खोक्यावर आहेतच, ते पुन्हा लिहीत नाही. परभणीबाहेर जिंतूर रोडला एक मुरमाड गायरान आहे, तिथं उडवतो. चहूकडं काळी वावरं, त्यात पऱ्हाटीची नाहीतर तुरीची धसकटं, म्हणून उतरायला तेवढी एकच पट्टी. मुरूम कडक आहे, पण सपाट आहे.

उतरताना चाकं टेकली की स्टँडचे दोन्ही पाय बाहेर फाकायचे आणि तसेच राहायचे. मग पक्कड घेऊन सरळ करायचे. मऊ तार एकाच जागी पुन्हापुन्हा वाकवली की तिथंच ती थकते. डिसेंबरात डावा पाय तुटला. विमान नाकावर गेलं, प्रोपेलर मोडला आणि तार जिच्यात बसते ती प्लायची फळी सांगाड्यातून उचकटली.

विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर आलं, "सर, हे क्रॅश डॅमेज आहे, वॉरंटीत बसत नाही." मी म्हणालो, "अहो, पडलेलं नाही, उतरताना मोडलंय." तर म्हणे, "सर, हे मॉडेल लॉनवर उतरवायचं असतं." मराठवाड्यातला पत्ता घ्यायचा, पैसे आधी घ्यायचे आणि मग लॉन शोधायला सांगायचं, हे मला पटत नाही. नुसती तार मागितली तर मिळेना. पूर्ण सेट घ्या, ₹३,२००, कुरिअर वेगळं, तेही दीड महिन्यानं. त्या सेटमध्ये तार कुठली, असं विचारलं. "सेम ओरिजिनल, सर."

चीड जास्त यायचं कारण असं, की बाकी सगळीकडं बनवणाऱ्यानं जीव ओतलाय. मूळ डी-७ चं मोठेपण त्याच्या पंखांत होतं. फॉकर कंपनीचे रचनाकार रायनहोल्ड प्लाट्झ यांनी पंख जाड ठेवले आणि मजबुती आतल्या लाकडी तुळयांत भरली, त्यामुळे त्या काळातल्या इतर दुपंखी विमानांसारखं दोन पंखांमध्ये तारांचं जाळं लागलं नाही. मॉडेलमध्ये हे तंतोतंत उतरलंय. इंग्रजी बनावटीच्या विमानांची मॉडेलं मैदानावर जोडताना तारा ताणत बसावं लागतं. इथं एन आकाराचे खांब बसवले, स्क्रू आवळले, झालं. पंखाच्या मागच्या कडेला मूळ विमानात तार होती, वरचं कापड ताणलं की ती कड कमानीकमानींची व्हायची. ती नक्षीसुद्धा इथं आहे. लांब नाक हा आणखी एक फायदा. आत एका ओळीत सहा सिलिंडरचं इंजिन असायचं, ती जागा बॅटरीला मिळते आणि तोल साधायला शिसं फार भरावं लागत नाही. ११ नोव्हेंबर १९१८ च्या युद्धबंदी करारात जर्मनीनं कोणती विमानं द्यायची ते सांगताना 'सगळी डी-७' असं नाव घेऊन लिहिलंय, इतका त्याचा दरारा होता.

आणि याच विमानाचा आस, म्हणजे दोन चाकं जोडणारा दांडा, मूळ रचनेत पायांना घट्ट ठोकलेला नव्हता. तो लवचीक बांधणीवर वरखाली सरकायचा आणि धक्का तिथंच मुरायचा. मॉडेलमध्ये दोन चाकांच्या मधला तो छोटा पंख केलाय, बंदुकांवरच्या जाळीची भोकंसुद्धा केलीत, पण आस मात्र जागच्या जागी डाखून टाकलाय. म्हणजे तार मऊ आणि धक्का मुरायला जागा नाही. दिसणारं सगळं केलं, विमानाला जगवणारं तेवढं सोडलं.

दुरुस्ती परभणीतच झाली. एमआयडीसीत स्प्रिंगचं काम करणाऱ्याकडून ४ मिलिमीटरची स्प्रिंग स्टीलची तार ₹१२० ला आणली. स्टेशनजवळच्या सायकलवाल्या चाचांनी पहिल्यांदाच बजावलं, "भाऊ, गरम करू नका, पाणी उतरतं." म्हणजे तारेतली स्प्रिंग जाते. म्हणून व्हाइसमध्ये धरून थंडच वाकवली. सांध्यांवर गॅस वेल्डिंग केलं नाही, तांब्याची बारीक तार घट्ट गुंडाळली आणि वरून कथलाचा डाख दिला. आस मोकळा ठेवला आणि मूळ विमानाप्रमाणे पायांना बांधला, फक्त बांधायला सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या वापरल्या. उचकटलेली फळी इपॉक्सीनं बसवून मागून जास्तीचा प्लाय लावला.

इथपर्यंतचा बराचसा मजकूर मी जानेवारीत लिहून ठेवला होता आणि तेव्हा पाचपैकी दोन स्टार देणार होतो. आता ते मत राहिलं नाही. नव्या तारेवर विमान उतरतं तेव्हा पाय फाकतात आणि लगेच जागेवर येतात, आस वर जाऊन खाली बसतो. हे पाहण्यासाठी मी कधीकधी मुद्दाम नुसतं टेकवून पुन्हा वर घेतो. हवेत तर हे फार गुणी विमान आहे. वेग कमी करत नेला तरी एकदम एका पंखावर पडत नाही, नाक हळूच खाली घालतं. एलेरॉन, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या, फक्त वरच्या पंखाला आहेत, आणि वळताना रडर, म्हणजे शेपटीचं सुकाणू, सोबत द्यावाच लागतो. नुसत्या एलेरॉननं वळवलं की शेपूट मागं रेंगाळते. उतरताना थ्रॉटल पूर्ण बंद करू नका. दोन पंखांना हवेचा विरोध इतका असतो की ताकद काढली की वेग झटकन मरतो.

विमान जड आहे, अशीही तक्रार मी जानेवारीत लिहिली होती, तीही मागे घेतो. फेब्रुवारी-मार्चच्या वाऱ्यात मित्राचं फोमचं विमान भिरभिरत होतं तेव्हा हे रेषेत चाललं होतं. गायरानावर जमणाऱ्या लेकरांना हे विमान जर्मन आहे असं कळल्यापासून ती चाकं सुटली की 'जगात जर्मनी, भारतात परभणी' ओरडतात. मला ते मनापासून आवडतं.

रंगाचं मात्र बघा. पंखांवरची बहुरंगी बहुकोनी छपाई शत्रूला फसवायला होती, आणि शंभर मीटरवर ती आपल्यालाही फसवते. पोट दिसतंय की पाठ, कळत नाही. रेडियमच्या दुकानातून पिवळ्या पट्ट्या कापून आणल्या आणि खालच्या पंखाच्या पोटाला लावल्या. अस्सल रूप बिघडलं, पण विमान शाबूत राहिलं, मला ते महत्त्वाचं.

उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत उडवा. ४२ अंशांना हवा हिवाळ्यातल्या १० अंशांच्या पहाटेपेक्षा सुमारे १० टक्के विरळ असते. पंख आणि प्रोपेलर दोघांनाही ते जाणवतं, धावपट्टी लांब लागते. उन्हात तापलेल्या गाडीत लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी ठेवून चहाला जाऊ नका. एप्रिलपासून पंखावरचं फिल्म सुरकुततं, मंद इस्त्रीनं ते पुन्हा ताणून बसतं. त्यात विमानाचा दोष नाही, आमच्या उन्हाचा आहे.

माझे आता चार स्टार. पाचवा मी तारेपायी कापलाय आणि तो कापलेलाच राहील. दुरुस्ती करणारांसाठी शेवटचं एक: ट्यूबच्या पट्ट्या उन्हानं चिरतात, महिन्याला बदलत जा. पंक्चरवाल्याकडं टाकून दिलेल्या ट्यूब फुकट मिळतात, फक्त मोटारसायकलची घेऊ नका, ती जाड असते आणि आस हलूच देत नाही.