राघूसाठी घेतलेले वेल्डिंगचे हातमोजे: अडीच महिन्यांनंतर

कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एका हार्डवेअरच्या दुकानातून ऑगस्टमध्ये मी वेल्डिंगचे चामडी हातमोजे घेतले. करड्या रंगाचे, कोपराच्या जवळ येणारे, आत सुती अस्तर. जोडी साडेतीनशेला. दुकानदारांनी विचारलं, "ताई, भट्टीवर वापरायचे का वेल्डिंगला?" मी खरं ते सांगितलं. घरात राघू नावाचा इग्वाना, म्हणजे मोठा सरडा आहे, हात लावू देत नाही, अंगावर येतो. त्यांनी गल्ल्यावरचं काम बाजूला ठेवून तीन जोड्या काढल्या आणि म्हणाले, "मग लई जाड नका घेऊ. बोटं वळाय पायजेत, न्हाईतर तुम्हीच त्याला चिरडशीला." हा सल्ला लाखमोलाचा होता. दुकानाला पाचपैकी पाच. हातमोज्यांना मात्र मी तीनच देईन, आणि ते का, ते जरा सविस्तर लिहिते, कारण घाबरट सरडा घरात असलेला माणूस पहिली धाव हातमोज्यांकडेच घेतो.

राघू माझ्या भाच्याचा. त्याला पुण्यात नोकरी लागली, खोलीवर जनावर चालत नाही, म्हणून राघू माझ्याकडे आला. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत साडेतीन फूट, त्यातली दोन फुटांहून जास्त नुसती शेपूट. गल्लीतल्या पोरांना वाटलं घोरपड आणली, लगेच तानाजी आणि यशवंती सुरू झालं. घोरपड पाळता येत नाही, तिला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. इग्वाना मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला. तो साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, परिशिष्ट २ मध्ये येतो, म्हणून सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंदणी लागते. भाच्याने ती केलेली होती. राघू माझ्याकडे येण्याआधी आम्ही हस्तांतराचीही नोंद केली. कुणी कागदाशिवाय विकत असेल तर घेऊ नका.

आता हातमोजे. संरक्षण म्हणून एक नंबर. राघूची नखं सुईसारखी. पहिल्या आठवड्यात उघड्या हाताने उचलायला गेले आणि मनगटापासून कोपरापर्यंत चार लांब ओरखडे घेऊन बसले. शेपटीचा फटका तर चाबकासारखा. हातमोजे घातल्यावर नख आत आलं नाही, फटका नुसता जाणवला, लागला नाही. त्या धीरावर मी आठवडाभर रोज संध्याकाळी त्याला पिंजऱ्यातून काढत होते.

आणि त्याच आठवड्यात सगळं बिघडलं. आठव्या दिवशी मी हातमोजे नुसते टेबलावर ठेवले, पिंजऱ्यापासून चांगले पाच फूट लांब. राघूचा रंग गडद झाला, गळ्याखालची कातडी ताणून खाली आली, अंग चपटं करून तो आडवा उभा राहिला आणि शेपूट बाजूला वळवली. त्याच्या लेखी तो करडा पंजा म्हणजे झडप घालणारं जनावर झालं होतं. मी निर्धास्त झाले होते, त्याची भीती मात्र रोज वाढत होती.

चुकीची मुळं दोन. एक म्हणजे मी वरून हात घालत होते. इग्वानाच्या डोक्यावर मधोमध एक फिकट गोल खवला असतो, तो त्याचा तिसरा डोळा. त्याला चित्र दिसत नाही, पण उजेड आणि सावली कळते. वरून सावली पडली की त्याच्या अंगात घार आली म्हणून धोक्याची घंटा वाजते. दुसरं म्हणजे चामड्यातून पकड समजत नाही. किती दाबतोय याचा अंदाज येत नाही, आणि शिवणीच्या दोऱ्यात नख अडकलं तर बोट दुखावतं. एकदा अडकलं. मी जागच्या जागी थांबले, त्याने स्वतःच सोडवून घेतलं, म्हणून वाचलो.

मग मी उजवा हातमोजा काढून ठेवला. डावा पिंजऱ्यात, त्याच्या फांदीखाली, रिकामा ठेवून दिला. चार दिवस तो त्याच्याकडे डोळा लावून होता. पाचव्या दिवशी त्यावर जास्वंदीचं फूल ठेवलं. दुपारी फूल गायब. त्यानंतर रोज सकाळी दिव्याखाली तो तापून झाला की मी शेजारी बसायचे, उघडा हात खालच्या बाजूने आत ठेवायचे आणि पंधरा मिनिटं काहीही करायचे नाही. शाळेला सुट्टी असेल तर वह्याही तिथेच तपासायच्या. पावसाळ्यात आपल्याकडे गारठा असतो, आणि गार पडलेला इग्वाना हलत नाही. तो गप्प बसला म्हणजे माणसाळला असं समजू नका, आधी ऊब द्या. डोळ्याकडेही बघा. हात लावल्यावर तुमच्या बाजूचा डोळा मिटला तर त्याला सुख वाटतंय असं आपल्याला वाटतं. खरं म्हणजे तो तुम्हाला नजरेआड करत असतो. असा डोळा मिटला की मी हात तिथेच स्थिर ठेवते आणि तो उघडला की मगच हळूच मागे घेते.

खाणं हातून द्यायला लागल्यावर फरक पडला. कपिलतीर्थ मार्केटमधून शेवग्याचा पाला आणते, त्यात कॅल्शियम भरपूर. लाल भोपळा किसून. पालक क्वचितच, कारण त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. जास्वंद मात्र फक्त माझ्या हातूनच मिळते, वाटीत कधीच नाही. सहाव्या आठवड्यात त्याने फूल घेताना पुढचा एक पाय माझ्या तळव्यावर टेकवला. थंडगार, खरखरीत, आणि नखं रोवून नव्हे तर मोकळी सोडलेली. मी श्वास रोखून बसले होते.

आता तो मी यांचा जुना फुलशर्ट घातला की बाहीवर चढतो. एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली. शेपटीला कधी धरत नाही, ती तुटून येते आणि नवी आली तरी पहिल्यासारखी येत नाही. दहा मिनिटं झाली की परत फांदीवर, त्याला कंटाळा यायच्या आत.

हातमोज्यांच्या तक्रारी राहिल्या त्या अशा. सहा आठवड्यांत अंगठ्याजवळची शिवण उसवली, ती मोच्याकडून वीस रुपयांत घालून घेतली. चामडं नीट धुता येत नाही, आणि सरड्यांच्या अंगावर साल्मोनेलाचे जंतू असू शकतात, म्हणून हे हातमोजे वेगळ्या पिशवीत, स्वयंपाकघरापासून लांब ठेवा. हात तर प्रत्येक वेळी साबणाने धुवाच.

घ्यायचे का? घ्या, पण दोन कामांसाठी. डॉक्टरांकडे नेताना आणि नखं कापताना. नखाचं नुसतं टोक कापायचं, आत रक्तवाहिनी असते. रोज हाताळायला मात्र नको. माझा डावा हातमोजा अजून पिंजऱ्यात फांदीखालीच आहे. दुपारच्या वेळी राघू त्यावर हनुवटी टेकून झोपतो, दोन्ही डोळे मिटून.