रैनबसेऱ्यानंतर काय : भाजीपाल्याची शेती की रोपवाटिका?

रैनबसेऱ्यातील (रात्रनिवाऱ्यातील) बेघरांना शेतीचे काम शिकवण्यासाठी महू रस्त्याकडे जमीन खंडाने घेऊन निवासी प्रशिक्षण द्यावे की शहरातच रोपवाटिका चालवावी, यावर इंदूरच्या एका मराठी मंडळात एकमत होत नाही.

खर्चात रोपवाटिका हलकी पडते; शेडनेट (सावलीची जाळी), प्रो-ट्रे (रोपांसाठी खळग्यांचे ट्रे), कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि खात्रीचे पाणी एवढ्यावर ती उभी राहते. शेतीला खंड, बोअर आणि राहण्या-जेवण्याची सोयही लागते. उत्पन्नाच्या वेगात फारसा फरक नाही: मेथी-पालक साधारण महिन्याभरात निघतात, टोमॅटोची रोपेही तेवढ्यातच लावणीला येतात.

खरा फरक माणसाकडे पाहिले की कळतो. वर्षानुवर्षे फुटपाथवर झोपलेल्याला आधी पक्के छप्पर, वेळेवर जेवण आणि व्यसनाच्या अड्ड्यापासून अंतर हवे असते, आणि ते शेतावरच मिळते. मात्र माळव्याची काळी माती पावसात पायाला धरून ठेवते. पाठ अधू झालेल्याला तिच्यात खुरपणी झेपत नाही. रोपवाटिकेत कमरेइतक्या उंच बाकावर, ट्रेच्या एकेका खळग्यात एकेक बी टाकण्याचे काम बसूनही होते. शिवाय क्षयरोगाचे औषध चालू असलेल्याला दवाखाना आणि आधार कार्डासाठी खेटे घालणाऱ्याला कचेरी जवळ राहते. (निवासी योजना आखणारे नेमके हेच विसरतात.)

म्हणून खेड्यातून आलेल्या, अंगाने धडधाकट आणि शहरापासून तुटायची तयारी असलेल्या एकट्या पुरुषांसाठी शेत योग्य. वृद्ध, आजारी, शाळकरी मुले असलेल्या स्त्रिया आणि पुढे सोसायट्यांत माळीकाम करू इच्छिणारे यांच्यासाठी रोपवाटिका.