नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत इलेक्ट्रिक पॅनलचा फॉल्ट शोधून देणारी टीम, माझा अनुभव

आमच्या युनिटचा मेन एसीबी (पॅनलचा मुख्य सर्किट ब्रेकर) दुपारच्या शिफ्टला सारखा ट्रिप होऊन राहिला होता. आधीच्या कॉन्ट्रॅक्टरने नुसती ट्रिपची सेटिंग वाढवून दिली अन् गेला, हे किती धोक्याचं काम आहे सांगा भाऊ! यावेळी हिंगणा रोडवरच्या छोट्या टीमला बोलावलं. त्यांनी रिसेटला हात लावायच्या आधी रिलीजवर (ब्रेकरला ट्रिप करणाऱ्या युनिटवर) पाहिलं की ट्रिप कशामुळे, तर ओव्हरलोड नाही, अर्थ फॉल्ट, म्हणजे करंट अर्थकडे गळत होता. मग सप्लाय बंद, लॉक लावलं, एकेक फीडर (पॅनलमधून मशीनकडे जाणारी लाइन) वेगळा करून 415 व्होल्टच्या केबलला मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावत गेले, व्हीएफडीची (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हची) केबल ड्राइव्हपासून सोडवूनच, नाहीतर ड्राइव्ह उडाला असता. कम्प्रेसरच्या केबलचा एक फेज अर्थला 1 मेगओहमच्या पण खूप खाली, ग्लँडपाशी (केबल जिथं आत शिरते तिथं) इन्सुलेशन कडक होऊन तडकलेलं.

केबल बदलल्यावर लोडवर थर्मल कॅमेरा फिरवला. तिन्ही फेजला करंट सारखा पण बसबारचा (पॅनलमधल्या करंट वाहणाऱ्या पट्टीचा) एकच जॉइंट गरम, म्हणजे जॉइंट ढिला. तोही बंद करून, साफ करून टॉर्क रेंचने कसून दिला.

व्हिजिट चार्ज जरा जास्त आहे अन् रिपोर्ट उशिरा येतो, पण उन्हाळ्याच्या आधी पॅनल तपासायचा असेल तर असेच लोक बोलवा.