अर्ध्या भावातली ग्रीसची बादली: सुगीआधी हे वाचून घ्या

सोयाबीनची सुगी तोंडावर आली की गावोगाव छोटा हत्ती घेऊन फिरणारे विक्रेते सुरू होतात. ताडपत्री, पट्टे, पोते शिवायचा दोरा, आणि गेल्या सुगीपासून ग्रीस. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा-दिग्रसच्या पट्ट्यात अशाच एका गाडीवाल्यानं नकली ग्रीसच्या बादल्या खपवल्या. माझ्याकडे ट्रॅक्टर आणि थ्रेशर आहे, मळणी भाड्यानं करून देतो. त्या बादलीनं माझं ऐन सुगीतलं काम बुडालं, आणि थ्रेशरवर काम करणाऱ्या पोरांच्या हातांना त्रास झाला तो वेगळाच. दुसऱ्या कोणाच्या वाट्याला हे येऊ नये म्हणून सगळं सविस्तर लिहितो आहे.

गाडीवाला बोलायला गोड होता. "काकाजी, एमआयडीसीतला कारखाना बंद पडला, उरलेला माल काढून राह्यलो. कंपनीचाच हाय, हात लावून पाहा." बादली १८ किलोची, वर नावाजलेल्या कंपनीसारखा छापील डबा, झाकणाला पट्टीचं सील. सील त्यानं आमच्यासमोर फोडलं. आत लोण्यासारखं एकसारखं, तकतकीत ग्रीस. दोन बोटं घालून पाहिलं तर चिकट, तार धरणारं, अगदी जसं असायला पाहिजे तसं. मग त्यानं तेच ग्रीस स्वतःच्या कोपरापर्यंत चोळून दाखवलं आणि म्हणाला, "पाहा, कातड्याले बी काही होत नाही." बिल मागितलं तर बिलबुक संपलं, फोनवर पाठवतो म्हणाला. गावातल्या चार-पाच जणांनी बादल्या घेतल्या. ज्यांच्याकडे बंडी (बैलगाडी) होती त्यांनी सुटं किलोभर घेतलं.

खरं ग्रीस फक्त वरच्या चार बोटांत होतं. त्याची सगळी लबाडी एवढ्यावरच उभी होती.

थर संपेपर्यंत काहीच कळलं नाही. मळणी जोरात आली, दसऱ्यानंतर आभाळ भरून यायला लागलं, वावरात गंज्या लागलेल्या आणि जो तो नंबरसाठी फोन करतोय, तेव्हा ड्रमच्या शाफ्टचं पुलीकडचं बेअरिंग तापायला लागलं. हात ठेवला की चटका बसायचा. ब्लॉकच्या, म्हणजे बेअरिंग बसतं त्या लोखंडी घराच्या, खालून पातळ तपकिरी तेल गळून पट्ट्यावर यायचं. ग्रीस भरलं की थोडा वेळ आवाज थांबायचा, मग परत किरकिर. शेवटी बेअरिंग जॅम झालं, आतली कडी शाफ्टवर फिरली आणि शाफ्टला खोल चर पडली. थ्रेशर तिथंच वावरात उभा राहिला. ज्यांचा नंबर होता त्यांच्या गंजीवर दोन रात्री पाऊस पडला आणि खालच्या शेंगांना कोंब आले. बेअरिंग बाजारात मिळतं, शाफ्ट लेथवर भरून घेता येतो, पण त्या माणसाचं सोयाबीन काही परत येत नाही. मला सगळ्यात जास्त याचाच राग आहे.

तालुक्याच्या मिस्त्रीनं ब्लॉक उघडला तेव्हा मी शेजारी उभा होतो. बेअरिंगच्या कड्या तापून निळसर पडल्या होत्या. गोळ्यांवर बारीक खड्डे. कडेला पांढुरका, कोरडा गाळ साचलेला, वाळलेल्या चुन्यासारखा. मिस्त्रीनं तो चिमटीत घेऊन चोळला आणि माझ्या तळहातावर ठेवला. करकर लागत होता. "हे ग्रीस नाही हाय भाऊ. काळं ऑइल, साबण अन् कायची तरी भुकटी."

ग्रीस म्हणजे काय, हे नीट समजून घेतलं तर ही फसवणूक लगेच ध्यानात येते. ग्रीसमध्ये बहुतेक भाग तेलाचाच असतो, साधारण ७० ते ९५ टक्के. ते तेल धरून ठेवणारा घट्ट पदार्थ, बहुधा लिथियमचा किंवा चुन्याचा साबण, आणि थोडी गंजविरोधी वगैरे रसायनं. वंगणाचं काम तेल करतं, साबण ते जागेवर धरतो आणि लागेल तसं सोडतो. बाजारात 'नंबर २' आणि 'नंबर ३' म्हणून जे मिळतं तो फक्त घट्टपणाचा दर्जा आहे. प्रयोगशाळेत २५ अंश तापमानाला ठरावीक शंकू ग्रीसमध्ये सोडतात आणि तो किती रुतला ते मोजतात. नंबर २ मध्ये तो २६.५ ते २९.५ मिलिमीटर रुततो. म्हणजे नंबर चांगला दिसला म्हणून माल चांगला, असं होत नाही. रंगाचंही तसंच. लाल, निळा, पिवळा हा रंग कारखान्यात टाकलेला असतो, त्यावरून गुण कळत नाही.

खरा फरक उष्णतेत दिसतो. साधं लिथियम ग्रीस १८० अंशांच्या पुढे जाऊन ठिबकायला लागतं आणि १२० अंशांपर्यंत नेहमीच्या कामाला चालतं. साधं चुन्याचं ग्रीस पाण्याला चांगलं टिकतं, पण १०० अंशांच्या आसपास ते फुटतं आणि ६० अंशांच्या वर त्याचा भरवसा नाही. माझ्या बादलीवर लिथियम छापलेलं होतं. मिस्त्रीनं खालच्या थरातलं ग्रीस स्टीलच्या वाटीत घेतलं आणि वाटी उकळत्या पाण्यावर ठेवली. बघता बघता ते पातळ होऊन वाटीत पसरलं आणि तळाला गाळ बसला. शेजारी दुकानातलं चांगलं लिथियम ग्रीस ठेवलं होतं, ते थोडं मऊ पडलं पण गोळा तसाच राहिला. ही परीक्षा घरी करता येते, फक्त गॅसच्या उघड्या आचेवर थेट ठेवू नका, तेल पेटू शकतं. आणि एक ध्यानात ठेवा: डब्यावर चुन्याचं ग्रीस असं लिहिलेलं असेल तर ते उकळत्या पाण्यावर ढिलं पडणारच, ती फसवणूक नाही.

दुसरी परीक्षा काचेची. काचेचे दोन छोटे तुकडे घ्या, कडा घासून घ्या म्हणजे हात कापणार नाही. मध्ये चिमूटभर ग्रीस ठेवून घासा. चांगलं ग्रीस आवाज न करता सरकतं. माझ्या बादलीतल्या ग्रीसनं काचेवर ओरखडे काढले. हेच ओरखडे बेअरिंगच्या आत पडतात. परीक्षेसाठी ग्रीस नेहमी बादलीच्या तळातून घ्या. लांब पट्टी किंवा सळई तळापर्यंत घाला, वर काढा आणि वरचा-खालचा थर शेजारी-शेजारी पाहा. विकणारा असं करू देत नसेल तर तिथंच बोलणं संपवा.

आता हातांचं. गाडीवाल्यानं ग्रीस अंगाला चोळून दाखवलं म्हणून थ्रेशरवरची पोरंही बेफिकीर झाली होती. आठवडाभरात दोघांच्या मनगटावर पुरळ आलं, कातडी लाल होऊन खाज सुटली. मिस्त्री म्हणाला ते काळं ऑइल म्हणजे वापरलेलं इंजिन ऑइल. त्यात जळालेल्या इंधनाचे आणि धातूचे अंश असतात, त्यातले काही कर्करोगाला कारण ठरणारे आहेत. ते वरचेवर कातडीला लागणं वाईटच. चांगलं ग्रीससुद्धा हातावर दिवसभर ठेवायची चीज नाही. रबरी हातमोजे घाला, काम झालं की साबण-पाण्यानं धुवा. डिझेल-पेट्रोलनं हात धुवायची आपल्याकडे सवय आहे, ती सोडा. त्यानं कातडीतलं तेल निघून जातं, भेगा पडतात आणि घाण आत शिरते. ग्रीसच्या हातानं खर्रा खायचा, हे तर प्रत्येक थ्रेशरवर दिसतं. आधी हात धुवा, मग काय खायचं ते खा.

याहून मोठा धोका ग्रीसगनचा, म्हणजे दांडा मारून ग्रीस भरायच्या पिचकारीचा. गाळामुळे निप्पल (बेअरिंगवरचं ग्रीस भरायचं बारीक तोंड) चोंदायचं आणि पोरं अंगाचा जोर लावून दांडा मारायची. हाताच्या ग्रीसगनमध्येही हजारो पीएसआयचा (पीएसआय म्हणजे दाब मोजायचं माप) दाब तयार होतो. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरात साधारण १५-२० पीएसआय हवा असते, त्यावरून अंदाज करा. त्या दाबानं निप्पलच्या फटीतून सुटलेली बारीक धार बोट लावलं तर कातडीतून आत घुसते. वरून टाचणी टोचल्याएवढं छिद्र दिसतं, दुखतही फारसं नाही, पण आत ग्रीस बोटभर पसरतं आणि काही तासांत मांस सडायला सुरुवात होऊ शकते. उशीर झाला तर बोट कापावं लागतं. असं झालं तर दाबून काढत बसू नका, शेकू नका, सकाळची वाट पाहू नका. तडक मोठ्या दवाखान्यात जा आणि 'ग्रीसगनच्या दाबानं ग्रीस आत गेलं' हे शब्द डॉक्टरांना सांगा, म्हणजे ते साधी टोच समजणार नाहीत. चोंदलेलं निप्पल काढून साफ करा किंवा बदला, त्याची किंमत किरकोळ असते.

गाडीवाल्याचा फोन तेव्हापासून बंद आहे. पोलीस ठाण्यात लेखी तक्रार दिली. फसवणुकीसाठी आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लागतं, जुनं ४२० नाही. डब्यावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, महिना-वर्ष, किंमत आणि ग्राहक तक्रारीचा नंबर छापणं कायद्यानं सक्तीचं आहे. माझ्या डब्यावर पत्ता अर्धवट होता आणि महिना-वर्ष नव्हतंच. वजनमापे खात्याकडे याची तक्रार करता येते. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. काही जण म्हणतात, थ्रेशर भाड्यानं देता म्हणजे धंदा झाला, ग्राहक मंचात तुमचं ऐकणार नाहीत. तसं नाही. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू असेल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आपण ग्राहकच ठरतो. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात (ज्याला आपण ग्राहक मंच म्हणतो) फी नाही. पण समोरच्याचं नाव-पत्ता लागतो, तो बिलावरच असतो. म्हणून पक्कं जीएसटी बिल नसेल तर बादली घरात घेऊच नका.

ज्यांच्याकडे अशा बादल्या पडून आहेत त्यांनी उरलेला माल बंडीच्या चाकाला लावू नये, चुलीत जाळू नये, नाल्यात किंवा विहिरीजवळ टाकू नये. जिथं तो आधीच भरला गेला असेल तिथलं बेअरिंग उघडून केरोसीननं धुवा, कोरडं करा आणि नवं ग्रीस आतल्या मोकळ्या जागेच्या तिसऱ्या हिश्शापासून अर्ध्यापर्यंतच भरा. ठासून भरलं तरी बेअरिंग तापतं. डबा आणि झाकण मात्र फेकू नका. दिग्रस, दारव्हा, आर्णी भागात ज्यांनी घेतलं असेल त्यांनी डब्याचे चारही बाजूंनी फोटो काढून ठेवा, गाडीचा नंबर कोणाला आठवत असेल तर लिहून ठेवा, आणि आपापल्या ठाण्यात तक्रार द्या. तक्रारी जितक्या जास्त येतील तितकं त्या माणसापर्यंत पोचणं सोपं होईल.